सर्दीच्या सिरपमधली तीन औषधं यूव्ही-पीएलएसने मोजतेय. तिन्हींचा निकाल हुबेहूब एकच येतोय

एमफार्म_सांगली (प्रश्न)

नमस्कार. मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्मास्युटिकल ॲनालिसिस. प्रोजेक्ट असा : लहान मुलांच्या सर्दीच्या सिरपमधली तीन औषधं वेगळी न करता यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) स्पेक्ट्रमवरून एकाच वेळी मोजायची आणि हिशेब पीएलएसने (पार्शल लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे अख्ख्या स्पेक्ट्रमवरून मात्रा काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) करायचा. सिरपच्या ५ मिलीत पॅरासिटामॉल १२५ मिग्रॅ, फेनिलेफ्रिन ५ मिग्रॅ आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट १ मिग्रॅ आहे.

तिन्ही औषधं सिरपच्याच प्रमाणात घेऊन ०.१ एम हायड्रोक्लोरिक आम्लात एक मिश्र स्टॉक केला. त्यातून सहा डायल्युशन्स केली. त्यांत पॅरासिटामॉल ५ ते १७.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली येतं, बाकीची दोन त्याच पटीत. २२० ते ३२० नॅनोमीटर, दर १ नॅनोमीटरला एक रीडिंग. प्रत्येक द्रावण तीनदा स्कॅन केलं. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये (काही नमुने बाहेर ठेवून मॉडेल तपासताना) एकाच फॅक्टरला, म्हणजे बदलाच्या एकाच स्वतंत्र दिशेला, सर्वांत कमी चूक आली. आर-स्क्वेअर तिन्ही औषधांना ०.९९९३.

इथवर मी खूश होते. मग दुकानातलं सिरप २००० पट पातळ करून लावलं, तर पॅरासिटामॉल १०७.६ टक्के, फेनिलेफ्रिन १०७.६, क्लोरफेनिरामिन १०७.६. दुसरी बाटली फोडली, तिथंही तिन्ही आकडे १०७.४. गाईड म्हणाले रिकव्हरी कर, म्हणजे ठरावीक औषध वरून घालून ते परत मोजलं जातं का बघ. मी सिरपच्या द्रावणात क्लोरफेनिरामिन निम्म्याने जास्त घातलं. उत्तर १५७ च्या आसपास यायला हवं होतं, आलं १०७.७. घातलेलं औषध गेलं कुठे?

तीन वेळा नव्याने वजन करून पाहिलं. क्युव्हेट बदलले. दिवा तपासून घेतला. सबमिशनला सात आठवडे आहेत. शेवटच्या प्रकरणात 'मुलांच्या सिरपची सुरक्षितता या पद्धतीने तपासता येईल' असं लिहायचंही ठरलंय. कुठे चुकतेय ते कृपया सांगा.

एचपीएलसी_रात्रपाळी

१२५ ला १ या प्रमाणातलं औषध यूव्हीने मोजायचा हट्ट कशाला? एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावा, दोन दिवसांत मोकळ्या व्हाल.

एमफार्म_सांगली

सर, आमच्याकडे एचपीएलसी एकच आहे आणि त्यावर चौदा जणांचे नंबर लागलेत. माझी पाळी आठवड्यातून अर्धा दिवस येते. म्हणूनच हा विषय घेतला होता.

क्यूसी_ताई

मी बावीस वर्षं लिक्विड ओरलच्या (तोंडाने घ्यायच्या द्रव औषधांच्या) क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत काढली, त्यातली बरीचशी यूव्हीसमोर. तुला अगंतुगं करते, चालेल ना? उत्तर लांबेल, कारण तुझ्याकडे एक नाही, तीन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत.

आधी ते १०७.६, १०७.६, १०७.६. तीन वेगळ्या रेणूंचे निकाल दशांशापर्यंत सारखे येत नाहीत. ते सारखे आले की समजायचं, मॉडेल तीन गोष्टी मोजतच नाहीये. एकच मोजतंय आणि तीन नावांनी सांगतंय. तू सगळी डायल्युशन्स एकाच मिश्र स्टॉकमधून केलीस. म्हणजे पॅरासिटामॉल दुप्पट झालं की क्लोरफेनिरामिनही बरोब्बर दुप्पट. गाडीचे डबे इंजिनाला जोडलेले असतात तोवर इंजिनाचा वेग मोजला की शेवटच्या डब्याचाही वेग कळतो, त्या डब्याकडे पाहायचीसुद्धा गरज पडत नाही. तुझ्या पीएलएसने नेमकं तेच केलं. सहाच्या सहा द्रावणांत डबे जोडलेले होते. तू जास्तीचं क्लोरफेनिरामिन घातलंस तेव्हा पहिल्यांदा डबा सुटला, आणि मॉडेलचं लक्ष इंजिनावरच होतं.

आत्ता एक्सेल उघड. सहा द्रावणांतल्या पॅरासिटामॉलच्या मात्रांचा एक स्तंभ, क्लोरफेनिरामिनचा दुसरा, आणि दोघांमधला सहसंबंध काढ. १ येईल. एका फॅक्टरला सर्वांत कमी चूक आली हेही त्याचंच लक्षण. तीन शोषक पदार्थ खरंच स्वतंत्रपणे कमीजास्त होत असते तर एका फॅक्टरवर भागलं नसतं. तो ०.९९९३ तिन्हींना चौथ्या दशांशापर्यंत सारखा आला, तिथेच थांबायला हवं होतं. तुला दोष देत नाही. अशी कॅलिब्रेशन मी छापून आलेल्या पेपरांतही पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तळमळतो, कारण त्या पेपरवरून कुणीतरी पुढे काम करत असतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही कोणतंही सॉफ्टवेअर सोडवून देणार नाही. कागद घे. क्लोरफेनिरामिन मॅलिएटचा आम्लातला ए-एक-टक्का-एक-सेंमी (१ टक्का द्रावणाचं १ सेंमी जाडीतलं शोषण) २६५ नॅनोमीटरला २१२ आहे. पॅरासिटामॉलचा आम्लात २४५ ला ६६८ च्या आसपास. तुझ्या द्रावणात पॅरासिटामॉल १२.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ०.००१२५ ग्रॅम. शोषण ०.८३५. सुरेख. क्लोरफेनिरामिन ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० मिलीत ०.००००१ ग्रॅम. शोषण ०.००२१.

हा आकडा नीट बघ. शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन. रिकाम्या आम्लाचे लागोपाठ दहा स्कॅन घे आणि २६५ ला ते आपसात किती हलतात ते काढ. बहुतेक कॉलेजांच्या यंत्रांवर ते या आकड्याच्या फार खाली जात नाही. शिवाय २६५ ला पॅरासिटामॉलचा उतार चांगला उंच असतो. पिपेटमध्ये एक टक्का चूक झाली की त्या उतारात पडणारा फरक क्लोरफेनिरामिनच्या सगळ्या सिग्नलपेक्षा मोठा. फेनिलेफ्रिनचीही तीच गत. २७३ चं त्याचं शिखर मुळात बुटकं, तुझ्या द्रावणात ते साधारण ०.००५ देईल. पीएलएस एकमेकांवर चढलेले स्पेक्ट्रम सोडवतं, पण जो सिग्नल यंत्रापर्यंत पोचलाच नाही तो त्याला कुठून मिळणार? हा हिशेब विषय नक्की करण्याआधी दहा मिनिटांत व्हायला हवा होता, आणि तो तुला आधी कुणी करायला लावला नाही याचं मला वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट ते वरचे साडेसात टक्के. लेबलवर प्रिझर्वेटिव्ह वाच. मिथाइलपॅराबेन असेल, सोबत बहुधा प्रोपिलपॅराबेन. मिथाइलपॅराबेनचं शिखर २५६ च्या आसपास, पॅरासिटामॉलच्या अगदी खांद्याला खांदा लावून, आणि वजनाला वजन धरलं तर त्याच्याहून उंच. सिरपमध्ये ते ०.१५ टक्के धरलं तर तुझ्या डायल्युशनमध्ये ०.७५ मायक्रोग्रॅम येतं आणि एकटंच ०.०८ च्या जवळपास शोषण देतं. तुझ्या मॉडेलने आयुष्यात पॅराबेन पाहिलेलं नाही. त्याने ते पॅरासिटामॉलच्या खात्यात जमा केलं, आणि डबे जोडलेले असल्यामुळे उरलेल्या दोघांच्याही.

करायचं काय ते सांगते.

क्लोरफेनिरामिनला पीएलएस लावू नकोस, सेपरेटिंग फनेल लाव. जुन्या फार्माकोपियांनी हेच केलंय आणि त्यामागचं रसायन इतकं देखणं आहे की मी नव्या मुलींना आवर्जून दाखवत असे. सिरप कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) चांगलं अल्कधर्मी कर, पीएच १३ च्या आसपास. पॅरासिटामॉल फिनॉल आहे, फेनिलेफ्रिनमध्ये फिनॉल आहे, दोन्ही पॅराबेन फिनॉल आहेत. चौघांवरही ऋणभार येतो आणि चौघंही पाण्यात अडकून पडतात. क्लोरफेनिरामिन अमाइन आहे, ते उलट भारमुक्त होतं आणि हेक्झेनमध्ये निघून येतं. हेक्झेन थोड्या पातळ कॉस्टिकने एकदा धुऊन घे. मग ०.२५ एम सल्फ्युरिक आम्लाबरोबर हलव, की क्लोरफेनिरामिन परत पाण्याच्या थरात उतरतं. फ्लेवरचं तेल हेक्झेनमध्येच राहतं. सिरपचा रंग तर पहिल्याच पाण्यातून वर आलेला नसतो. १० मिली सिरप घेतलंस तर त्यात २ मिग्रॅ औषध. ते १०० मिली आम्लात आणलं की २६५ ला ०.४२ शोषण. ०.००२ वरून ०.४२! यासाठी मॅट्रिक्सचं गणित लागत नाही, फक्त हात लागतो.

फेनिलेफ्रिनसाठी तुझा एचपीएलसीचा अर्धा दिवस वापर. सी-१८ कॉलमवर ते फार लवकर बाहेर पडतं, म्हणून मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) हेप्टेन सल्फोनेटसारखं आयन-पेअर, म्हणजे त्याला कॉलममध्ये थांबवून धरणारं रसायन लागेल. एवढ्या एकाच औषधासाठी अर्धा दिवस पुरतो.

आणि पीएलएस ठेव, पण जिथं त्याचं खरं काम आहे तिथं : पॅरासिटामॉल आणि पॅराबेन. दोन चांगले उंच सिग्नल, एकमेकांवर चढलेले, स्पेक्ट्रमचा आकार वेगळा. मिथाइल आणि प्रोपिल मात्र वेगळे काढायच्या भानगडीत पडू नकोस. दोघांमध्ये प्रकाश शोषणारा भाग तोच, स्पेक्ट्रम जवळजवळ एकच. दोघांची बेरीज मिथाइलपॅराबेनच्या हिशेबात दे.

कॅलिब्रेशन नव्याने कर. स्टॉक वेगवेगळे, प्रत्येकाचं वजन वेगळं. पॅरासिटामॉलच्या पाच पातळ्या : १०, ११.२५, १२.५, १३.७५, १५. म्हणजे ८० ते १२० टक्के. पॅराबेनच्याही पाच. प्रत्येकाशी प्रत्येक जोडलं की पंचवीस फ्लास्क आणि दोन स्तंभांतला सहसंबंध शून्य. गोडी, रंग, फ्लेवर यांचा प्लासिबो सगळ्यांत घाल, पण जाणूनबुजून कमीजास्त. फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिनही घाल, थोडी वरखाली करून. जे सिरपमध्ये बदलू शकतं ते मॉडेलने बदलताना पाहिलेलं हवं.

हे शेवटचं मी अनुभवाने शिकले. एका ठिकाणी अँब्रॉक्सॉलच्या सिरपसाठी मी असंच मॉडेल बसवलं होतं, आठ महिने छान चाललं. मग खरेदी खात्याने फ्लेवर दुसऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली आणि प्रयोगशाळेला कळवलं नाही. निकाल ९९-१०० चे १०३ झाले. १०३ मर्यादेत बसतं, म्हणून कुणाच्याच डोळ्यांत आलं नाही. तीन बॅचेसनंतर मी सहज एचपीएलसीशी ताडून पाहिलं तेव्हा उलगडलं. औषध बरोबर होतं, आकडा चुकीचा होता. औषध खरंच कमी पडलं असतं तर या वाढीव आकड्याने कमी औषधाच्या बाटल्या पास झाल्या असत्या, या विचाराने कितीतरी रात्री झोप लागली नाही.

संख्याशास्त्र_पुणे

ताईंनी मुळावरच बोट ठेवलंय. माझ्या बाजूने थोडी भर घालतो. मी रसायनवाला नाही, पण असे डेटा माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असतात.

प्रत्येक द्रावण तीनदा स्कॅन केलंत, म्हणजे अठरा स्पेक्ट्रम. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये एकेक स्पेक्ट्रम बाहेर काढलात का? तसं असेल तर त्याच फ्लास्कचे उरलेले दोन स्कॅन मॉडेलच्या आतच राहिले. विद्यार्थ्याला परीक्षेत तोच सोडवलेला प्रश्न दिल्यासारखं झालं. बाहेर काढायचा तो अख्खा फ्लास्क, तिन्ही स्कॅनसकट. आणि शेवटची परीक्षा वेगळ्या दिवशी, नव्या वजनाने केलेल्या आठदहा मिश्रणांवर घ्या. ती मिश्रणं मॉडेल बांधताना कपाटात बंद हवीत.

फॅक्टर किती घ्यायचे, तर चूक दाखवणारा आलेख जिथं सपाट होऊ लागतो तिथं थांबा. अगदी तळाचा बिंदू शोधत बसू नका. हालँड आणि थॉमस यांनी १९८८ मध्ये यासाठी एफ-चाचणीचा नियम दिला होता, तो तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा असेल.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या त्या १०७.६ ची सूचना सॉफ्टवेअरने तुम्हाला देऊ केली होती, तुम्ही ती खिडकी उघडली नाही इतकंच. अनोळखी नमुना आला की दोन गोष्टी बघायच्या. पहिली, मॉडेलने स्पेक्ट्रम पुन्हा उभा केल्यावर काय उरतं, म्हणजे रेसिड्युअल. तो काढून छापा, मला खात्री आहे त्यात पॅराबेनचा उंचवटा स्पष्ट दिसेल. दुसरी, हा नमुना कॅलिब्रेशनच्या घोळक्यापासून किती लांब आहे. ते अंतर साध्या पट्टीने मोजून चालत नाही, कारण घोळका एका दिशेला लांबट असतो आणि दुसऱ्या दिशेला चपटा. घोळक्याचा आकार लक्षात घेऊन अंतर मोजण्याची रीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडली. ते मूळचे भौतिकशास्त्राचे, आणि अंतराचा हा प्रश्न त्यांच्यापुढे आला तो माणसांच्या शरीराच्या मोजमापांतून, एक समाजगट दुसऱ्यापासून किती वेगळा हे ठरवताना. आज जगभर स्पेक्ट्रोमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'महालनोबिस डिस्टन्स' असं लिहिलेलं असतं. वर्गात हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो. सिरपच्या प्रत्येक निकालाशेजारी हे दोन आकडे तुमच्या तक्त्यात हवेतच. आयसीएच या औषध-मानकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या क्यू२ (पद्धतींची पडताळणी) या सुधारित मार्गदर्शिकेत पीएलएससारख्या बहुचल पद्धतींचा समावेश आहे, व्हायवात त्यावर प्रश्न येऊ शकतो.

एमफार्म_सांगली

ताई, सर, तुमचे आभार कसे मानू. सहसंबंध काढला. तिन्ही जोड्यांना १. रेसिड्युअलही छापला. २५६ च्या जवळ उंचवटा, आणि कागदावर मिथाइलपॅराबेनचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवला तर आकार तोच. पंधरा दिवस हे चित्र माझ्या संगणकात पडून होतं.

रिकाम्या आम्लाचे दहा स्कॅनही घेतले. २६५ ला प्रमाण विचलन ०.०००९. म्हणजे क्लोरफेनिरामिनचा अख्खा सिग्नल त्याच्या जेमतेम सव्वादोन पट. गाईडना दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले शीर्षक बदलू. सुरक्षिततेचं प्रकरण तसंच राहू दे म्हणाले, त्याबद्दल काय करू?

क्यूसी_ताई

ते प्रकरण काढ. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय.

मुलांच्या सिरपची सुरक्षितता म्हटलं की आज प्रत्येकाच्या मनात डायएथिलीन ग्लायकॉल येतं, ग्लिसरीनसारख्या कच्च्या मालात भेसळीने येणारं विष. तो रेणू २०० नॅनोमीटरच्या वर प्रकाश शोषतच नाही. त्यात दुहेरी बंध नाही, रिंग नाही, काही नाही. तुझ्या यंत्रासमोर तो पाण्याइतकाच पारदर्शक. बाटलीत विष असेल आणि तुझा निकाल येईल पॅरासिटामॉल ९९.८, रेसिड्युअल स्वच्छ, महालनोबिसचं अंतर अगदी मर्यादेत. तुझा प्रबंध वाचून एखाद्या छोट्या कारखान्यातल्या केमिस्टने त्या निकालावर विसंबून बाटली सोडली तर?

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असंच भेसळीचं ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. मी तेव्हा शाळेत होते. पुढे कामाला लागल्यावर माझ्या पहिल्या सिनियर बाईंनी ती हकीकत सांगून मगच मला ग्लिसरीनच्या ड्रमचं सॅम्पलिंग करू दिलं होतं. ही तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने होते, मर्यादा ०.१ टक्का, आणि ती तयार सिरपच्या आधी कच्च्या मालाच्या ड्रमवर करायची असते : ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल. प्रत्येक ड्रमवर.

तुझ्या पद्धतीच्या मर्यादांमध्ये एक वाक्य स्पष्ट लिही : ही पद्धत ग्लायकॉलची भेसळ ओळखू शकत नाही. गाईड नको म्हणाले तर माझं हे उत्तर त्यांना वाचायला दे.

एचपीएलसी_रात्रपाळी

माझं पहिलं उत्तर घाईत होतं, क्षमस्व. फेनिलेफ्रिनसाठी एक सूचना. आयन-पेअर घातलेला मोबाइल फेज कॉलममध्ये बसायला वेळ घेतो. पाळी सुरू होण्याआधीच्या मुलाला विनंती करून निदान दीड तास आधी फ्लो चालू करून ठेवा, नाहीतर तुमचा अर्धा दिवस पीक सरकताना बघण्यात जाईल. आणि त्या कामासाठी कॉलेजात एक कॉलम वेगळा ठेवता आला तर बघा. हेप्टेन सल्फोनेट एकदा गेलं की धुऊन पूर्ण निघत नाही, पुढच्या तेरा जणांचा शिव्याशाप लागेल.

एमफार्म_सांगली

पाच आठवड्यांनी कळवतेय. पंचवीस फ्लास्क झाले, दोन स्तंभांतला सहसंबंध शून्य. अख्खा फ्लास्क बाहेर काढून तपासलं, तीन फॅक्टरवर थांबले. कपाटातल्या नऊ मिश्रणांवर पॅरासिटामॉलची सर्वांत मोठी चूक १.३ टक्के. दुकानातल्या त्याच बॅचचं सिरप : पॅरासिटामॉल ९९.४, आणि एचपीएलसीवर ९९.१. पॅराबेनही वेगळं आलं, आता ते पॅरासिटामॉलच्या खात्यात जात नाही. फेनिलेफ्रिन दीड तास आधी फ्लो सुरू करून झालं, कॉलम वेगळा मिळाला. ग्लायकॉलचं वाक्य मर्यादांमध्ये पहिलंच आहे, गाईडनीच वर घेतलं.

क्लोरफेनिरामिनच्या शुद्ध द्रावणावर फनेल छान चालतं, रिकव्हरी ९८.९. पण सिरप घेतलं की हेक्झेन आणि पाण्याच्या मध्ये दुधासारखा थर बसतो आणि तासभर हलत नाही. काल त्यातच ९१ टक्के आले. ताई, काय करू?

क्यूसी_ताई

साखर आणि घट्टपणासाठी घातलेला डिंक, दोघांचं काम आहे ते. सिरप आधी पाण्याने दुप्पट पातळ कर, मग कॉस्टिक. फनेलमध्ये चमचाभर मीठ टाक, साधं सोडियम क्लोराइड. आणि जोरात घुसळू नकोस. फनेल आडवा धरून दोन मिनिटं हळूहळू वरखाली कलंडव, मधूनमधून कॉक उघडून वाफ सोड, आसपास बर्नर पेटलेला नाही ना ते बघ. थर सुटला की पाण्याचा भाग दुसऱ्या फनेलमध्ये घेऊन नव्या हेक्झेनने पुन्हा काढ, असं एकूण तीनदा. तुझे ते हरवलेले आठ टक्के मधल्या थरात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत असतील. आकडे आले की इथंच टाक, मी रोज संध्याकाळी बघते.